चुलतभाऊ म्हणतो, तुझा फोन टॅपला लावतो!

प्रश्न: ताई, आमचा वडिलोपार्जित जमिनीवरून चुलतभावाशी वाद चालूय. परवा तो चारचौघांत म्हणाला, पोलिसात माझी ओळख आहे, तुझा फोन टॅपला लावतो, व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं बाहेर काढतो. तेव्हापासून कॉलवर टकटक आवाज येतोय. असं करता येतं का? – एक वाचक, आडगाव, नाशिक

उत्तर: दादा, आधी त्या टकटकीचं. कायदेशीर टॅपिंग कंपनीच्या सिस्टीममधून होतं, तुमच्या हँडसेटमध्ये कोणी काही बसवत नाही, त्यामुळे आवाज-बिवाज काही येत नाही. तुमची टकटक नेटवर्कची असणार.

आता ओळखीचं. हवालदार सोडा, पीआयलाही स्वतःच्या सहीने टॅपिंग लावता येत नाही. राज्यात आदेश गृहसचिवांचा लागतो. फारच तातडीचं असलं तर आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाचा मोठा अधिकारी आधी चालू करू शकतो, पण वरून 7 कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही तर ते बंद. आदेश एका वेळी 60 दिवसांचा, वाढवून वाढवून जास्तीत जास्त 180. पूर्वी हे सगळं 1885 च्या टेलिग्राफ कायद्यावर चालायचं, आता 2023 चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर 2024 चे नियम आहेत. कारणंही ठरलेली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं वगैरे, त्यात बांधावरचं भांडण कुठून बसणार? 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने तर लाचेच्या केसमधले टॅपिंगचे 3 आदेश रद्द केले, यात सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच नाही म्हणून.

पण मला यातलं खटकतं ते सांगते. या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. आदेश गृहसचिव काढणार, तो तपासणार मुख्य सचिवांची समिती, म्हणजे सगळं मंत्रालयातल्या मंत्रालयात. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कोणी कळवत नाही, केस कोर्टात गेली तरच कळतं. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये बंधनं घातली तेव्हाही कोर्टाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. 2017 ला प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली तरी ही रचना तीच.

तुम्हाला खरी भीती टॅपिंगची नाही, सीडीआरची, म्हणजे कॉलच्या नोंदींची ठेवा. कोणाला किती वाजता फोन केला, किती वेळ बोललात, कुठल्या टॉवरखाली होतात, एवढं त्यात येतं, बोलणं नाही येत. तो तपासासाठी पोलीस रीतसर मागवतात, पण बाहेर विकलाही गेलाय, 2018 मध्ये ठाण्यात खासगी डिटेक्टिव्ह यातच पकडले गेले. चुलतभावाने तुमचे कॉल कोणाला गेले ते तारीखवार सांगायला सुरुवात केली तर तो काय बोलला ते लिहून ठेवा, साक्षीदार असले तर त्यांची नावंही, आणि सायबर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. बेकायदा टॅपिंगला नव्या कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे त्यालाही ऐकवा.

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, व्हॉट्सअ‍ॅपला दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली की सरकारने मेसेज वाचला. खरंय का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: साफ खोटं, हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. लाल टिक नावाचं काही नाहीच, आणि असती तर पाळत ठेवणारे तुम्हाला टिक देऊन कळवतील होय! व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर वाटेत एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो, आयटी कायद्याच्या कलम 69 खाली सरकार तो उलगडून मागू शकतं पण बातम्यांत जे चॅट येतात ते बहुतेक वेळा जप्त केलेल्या फोनमधून नाहीतर बॅकअपमधून काढलेले असतात. तेव्हा स्क्रीन लॉक नीट ठेवा, बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, आणि तो मेसेज पुढे ढकलू नका.