विचारा तर खरं : काउबॉयछाप अक्षरं

प्रश्न : मालवणात किनाऱ्यालगत खाणावळ काढतोय, नाव ‘धक्क्यावरची खाणावळ’. जुन्या काउबॉय सिनेमांतल्या गुत्त्यांवर असतात तशी ठसठशीत, पायाशी जाड अक्षरं पाटीवर हवीत. पेंटर म्हणतो, मराठीत ती बसत नाहीत. रस्त्यापासून पाटी ६० फुटांवर आहे.

उत्तर : पेंटरचं निम्मं खरं आहे. इंग्रजी अक्षरात एरवी उभी रेघ जाड असते आणि आडवी बारीक. या वळणात ते उलटं होतं. सगळं वजन डोक्याच्या आणि पायाच्या आडव्या पट्ट्यांत जातं. आपल्याकडे डोक्यावरची पट्टी आयतीच आहे, शिरोरेषा. जाड करायची ती हीच. पायांच्या नादी मात्र लागू नका. ध, व, ण यांना दंड, म्हणजे सरळ उभी रेघ आहे, र आणि ळ यांना नाही. दंडांना पाय काढले की अर्ध्या नावाच्या पायात बूट आणि अर्धं अनवाणी, असं दिसतं. शिवाय ‘णा’सारख्या ठिकाणी शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटतात.

साध्या अक्षराला दर १० फुटांमागे १ इंच उंची हा नेहमीचा ठोकताळा, म्हणजे तुम्हाला ६ इंच पुरले असते. पण जाड अक्षराच्या आतल्या पोकळ्या लांबून बुजलेल्या दिसतात, म्हणून दुप्पट घ्या. शिरोरेषेपासून पायापर्यंत १२ इंच. त्यात शिरोरेषा सव्वादोन इंच आणि दंड सव्वा इंच. वर ‘ची’च्या वेलांटीसाठी ५ इंच सोडा, खाली उभ्या रचलेल्या ‘क्क’साठी ५. पाटी अडीच फूट उंच लागेल. एका ओळीत नाव १० फुटांच्या आसपास जाईल. तेवढी जागा नसेल तर दोन ओळी करा, अक्षरं दाबून अरुंद करू नका.

खरा धोका पहिल्याच अक्षरात आहे. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक डोक्याशी आहे. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा मोकळी सुटते. रेषा जाड केली की ती फट रंगात बुजते आणि तुमची खाणावळ ‘घक्क्यावरची’ होते. ही फट निदान दीड इंच ठेवा, आणि रंग भरण्याआधी खडूची आखणी रस्त्यावर उभं राहून वाचा.

नक्षी हवीच असेल तर शिरोरेषेची मोकळी टोकं माशाच्या शेपटीसारखी दुभंगवा. ‘ची’ आणि ‘ळ’च्या उजवीकडे ती छान बसते, ‘ध’च्या डावीकडे तिला जागाच नाही. सुरमई थाळीचे दर मात्र साध्या अक्षरात लिहा. आणि खाऱ्या वाऱ्यात स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच अक्षरांवर गंजाचे ओघळ येतील.

प्रश्न : हापूसच्या खोक्यांवर ‘अल्फान्सो’ हे इंग्रजी नाव, आत नक्षीच्या बारीक रेघा असलेल्या अक्षरांत, दोन रंगांत स्क्रीनने छापून घेतलं. रेघा भरून गेल्या, दुसरा रंग सरकला. दोष शाईचा की छापणाऱ्याचा? (रत्नागिरी)

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही, निवड चुकली. खोक्याचा पुठ्ठा आतून नालीदार असतो; शाई ओढणारी रबरी पट्टी (स्क्वीजी) फिरताना उंचवट्यावर आणि खोलगट जागी शाई सारखी बसत नाही. अशा पुठ्ठ्यावर दीड मिलिमीटरपेक्षा बारीक मोकळी रेघ टिकेल याचा भरवसा नाही. त्यातून मे महिन्याच्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो, म्हणून पहिला रंग वाळेपर्यंत माप बदललेलं असतं. नक्षी काढून टाका आणि एकाच गडद रंगात भरीव अक्षर छापा. दोन रंग हवेच असतील तर गडद रंग फिक्यावर १ मिलिमीटर चढू द्या. डझन, वजन आणि बागेचं नाव साध्या फॉन्टमध्ये.

प्रश्न : कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव कमानीवर बसवून रेडियम कटिंगला (स्टिकरचा कागद यंत्राने कापायला) दिलं. शिरोरेषेचे तुकडे झाले. (अलिबाग)

उत्तर : चुका दोन आहेत. मजकूर वक्र रेघेवर बसवला की प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात फिरतं, वाकत नाही. शिरोरेषेला सांध्यासांध्यावर कोपरे आणि फटी पडतात. दुसरं म्हणजे शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण प्लॉटरची, म्हणजे कापणाऱ्या यंत्राची सुरी दोन्ही कडा कापते. अक्षरांतर शून्य ठेवा, नाव सरळ ओळीत लिहा, कंट्रोल-क्यूने कर्व्ह करा (अक्षरांचं चित्र होतं), एकेक शब्द वेल्ड करून एकसंध करा आणि मग एन्व्हलप या सोयीने अख्खा शब्द वाकवून कमान द्या. हाच क्रम पाळा. कटिंगआधी वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात बघा : शिरोरेषेच्या आत एकही रेघ दिसता कामा नये.

प्रश्न : ही काउबॉयछाप अक्षरं मूळची अमेरिकेतलीच का? फुकट कुठली मिळतील? (देवगड)

उत्तर : मूळ लंडनचं. जाड पायांची अक्षरं व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास आणली, तिथेच १८४५ मध्ये क्लॅरेंडन हा त्याच जातीचा टाइप निघाला. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७-२८ मध्ये यंत्रावर छपाईचे लाकडी खिळे (टाइप) कापायला सुरुवात केली. शिशाचे मोठाले खिळे जड आणि महाग पडत. लाकडामुळे हात-हातभर अक्षरांची पोस्टरं स्वस्तात निघू लागली. आज गुगल फॉन्ट्स या संकेतस्थळावर ‘राय’ आणि ‘सॅनक्रीक’ हे काउबॉय वळणाचे फॉन्ट मोफत आहेत, धंद्यासाठीही चालतात. त्यांत देवनागरी मात्र नाही : मराठी टाइप केलंत की संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. मराठी नावाला तिथलाच ‘यात्रा वन’ घ्या. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलाय, आणि शिरोरेषा जाड करायला पेंटरही त्याच्यावर सहज हात चालवेल.