भाड्यातून हप्ता निघेल का?

तुम्ही विचारलंय की मुलुंड पूर्वेला 95 लाखांचा जुना वन बीएचके मिळतोय, हाताशी 25 लाख आहेत, बाकी 70 लाखांचं कर्ज काढून फ्लॅट भाड्याने दिला तर हप्ता भाड्यातून सुटेल का.

नाही सुटणार. मुळात 25 लाखही पुरणार नाहीत. स्टॅम्प ड्युटी 6 टक्के म्हणजे 5 लाख 70 हजार, नोंदणीचे 30 हजार, वर एजंटची दलाली. घर कोटीच्या पुढे जातं. 70 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 60 हजारांवर बसतो. भाडं 28 हजार धरलं, तरी एक महिना घर रिकामं, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगरंगोटी वजा जाता वर्षाला जेमतेम अडीच लाख हातात राहतात. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, जास्त मागितले तर हुज्जत घाला. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, 500 चौरस फुटांच्या आत असेल तर पालिकेचा मालमत्ता कर माफ आहे, तेवढाच दिलासा. दरमहा चाळीसेक हजार पगारातून घालायची तयारी असेल तरच पुढे जा.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. वडिलांचा बोरिवलीचा फ्लॅट आम्ही ओळखीच्या माणसाला दिला, करार फक्त नोटरी केला. अकरा महिने संपले, त्याने घर सोडलं नाही आणि भाडंही थांबवलं. वडील तेव्हा आजारी होते. घर परत मिळायला चौदा महिने गेले आणि त्या काळात त्यांची झोप उडाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार सरकारदरबारी नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच आधी खरं मानलं जातं. उलट करार रीतसर असेल तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं, आणि दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. नोंदणी आता ऑनलाइन होते, एजंट अंगठा घ्यायला घरीही येतात. हजार-दोन हजार वाचवायला जाऊ नका, ओळखीतला असला तरी. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

राहिला फ्लॅट. चाळीस वर्षांच्या इमारतीत तुम्ही खरं तर जमिनीतला हिस्सा घेताय, भिंतींना फारशी किंमत नाही. म्हणून टाइल्स बघण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा मागा. त्यावर सोसायटीचं नाव आहे की अजून मूळ जमीनमालकाचं? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसेल तर रीडेव्हलपमेंट तिथेच अडकतं. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीनमालक सही करत नसला तरी सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा मार्ग आहे, पण तोवर हप्ते तुम्हीच भरणार. ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी वकिलाला दाखवा. शेवटच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तंही वाचायला मिळाली तर बघा, बिल्डरशी बोलणी कुठवर आलीत ते एजंट सांगणार नाही, त्यात कळेल.