हायकोर्टाची परीक्षा कधी असते?

ताई, नमस्कार.

मुलगी बारावीला आहे, वाशिमला मराठी माध्यमात शिकली, हायकोर्टात न्यायाधीश व्हायचं म्हणते. त्याची परीक्षा कधी असते आणि तिचं इंग्रजी आड येईल का, असं तुम्ही विचारलंय.

हायकोर्टासाठी परीक्षाच नसते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात, ती सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमपुढे, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळापुढे जातात, नेमणूक राष्ट्रपती करतात. त्याआधी हायकोर्टात दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पदावर काम झालेलं हवं. प्रत्यक्षात याहून जास्तच वर्षं जातात. माजी सरन्यायाधीश, अमरावतीच्या भूषण गवईंनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली आणि मुंबई हायकोर्टात ते न्यायमूर्ती झाले २००३ मध्ये. तेव्हा लेकीला सांगा, आधी वकील व्हायचंय. नाव कधी सुचवलं जाईल ते तिच्या हातात नाही. वीस वर्षांची वकिली मात्र तिला रोज जगायची आहे. ती आवडणार असेल तरच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट एमपीएससीच्या दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेची. सुप्रीम कोर्टाच्या २०२५च्या निकालामुळे आता त्यासाठीही आधी तीन वर्षं वकिली लागते. तिथून जिल्हा न्यायाधीश होऊन काहीजण हायकोर्टात पोचतात, पण निवृत्ती ६२व्या वर्षी असल्याने त्यांना तिथे बहुधा थोडीच वर्षं मिळतात.

आता इंग्रजीचं. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, ते तिला शिकावंच लागेल. पण खटला उभा राहतो खालच्या कोर्टात. साक्षी, फिर्याद, पंचनामा, सातबारा, सगळं मराठीत. साक्षीदार ‘बांधावरून भांडण झालं’ म्हणतो तेव्हा त्यामागचं अख्खं गाव ज्याला दिसतं, त्याला ते कागद नीट वाचता येतात. तिचं मराठी ही मोठी जमेची बाजू आहे, ते सुटू देऊ नका. रोज एक बातमी मराठीतून इंग्रजीत आणि एक इंग्रजीतून मराठीत उतरवायला लावा. दिवाणी न्यायाधीशाला दोन्हीकडून सहज भाषांतर यावंच लागतं.

बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीसाठी विधी सीईटी द्यावी लागेल. बोर्डाची परीक्षा संपली की तिला एक दिवस जिल्हा न्यायालयात घेऊन जा. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं. एखादी उलटतपासणी शेवटपर्यंत बघू द्या, आणि तिला काय वाटलं ते तिलाच मला लिहायला सांगा.