स्टीरिओच्या वायरीमुळे स्टीअरिंगची वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी साताऱ्याला राहतो. चौदा महिन्यांपूर्वी पुण्याच्या शोरूममधून ९ लाख ६० हजारांची गाडी घेतली. कंपनीच्या स्टीरिओचा आवाज बेताचाच होता आणि त्यावर वायरलेस कारप्लेही (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर चालवायची सोय) चालत नव्हतं. म्हणून मूळ स्टीरिओ तसाच ठेवून त्याला बाहेरचा मीडिया प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडून घेतला. दुकान शोरूमच्या सेल्समननेच सुचवलं होतं. ‘आपलाच माणूस आहे, वॉरंटीला काही होत नाही’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली निघाली. त्यानंतर पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागला आणि स्टीअरिंग जड झालं. वर्कशॉपने जॉबकार्डवर ‘बाहेरचे इलेक्ट्रिकल काम आढळले, वॉरंटी रद्द’ असा शेरा मारून ५२ हजारांचं एस्टिमेट दिलं. पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटीही गेली म्हणतात. पत्रात ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ दाखवलंय. प्लेअर काढून टाकून दुसऱ्या वर्कशॉपला गाडी दाखवू का? अमेरिकेतल्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा आधार घेता येईल का? आणि आरटीओचा काही त्रास होईल का?

उत्तर : आधी एक काम करा. प्लेअर काढू नका आणि कोणाला काढू देऊ नका. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये ‘काही बसवलंच नव्हतं’ असं दाखवायचा विचार तर सोडूनच द्या. जॉबकार्डवर शेरा पडला आहे आणि त्यांनी फोटो काढले असणार. कापलेली वायर पुन्हा जोडून टेप मारली तरी ती कापलेली दिसतेच. आज तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. ती बिघडवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

मॅग्नुसन-मॉस हा अमेरिकेचा १९७५ चा वॉरंटीबद्दलचा कायदा. तिकडच्या गाडीवाल्यांचे व्हिडिओ बघून तो आपल्याकडच्या नोटिशीत उतरू लागलाय. साताऱ्याच्या ग्राहक आयोगापुढे त्याचा उपयोग शून्य, उलट समोरच्या वकिलाला हसायला कारण मिळतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेल्या वॉरंटी पुस्तिकेच्या फोटोत कलम असं आहे, की कंपनीने मान्य न केलेल्या अ‍ॅक्सेसरीमुळे उद्भवलेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. म्हणजे वगळलाय तो त्या जोडणीतून झालेला बिघाड. सगळी गाडी वॉरंटीबाहेर गेली, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. जॉबकार्डवरच्या शेऱ्याला पुस्तिकेचाच आधार नाही, आणि वर्कशॉपचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पेनाने करार बदलू शकत नाही. वॉरंटी नाकारायची तर अ‍ॅक्सेसरीमुळेच स्टीअरिंग बिघडलं हे त्यांना दाखवावं लागेल. अपवादाचा आधार जो घेतो त्यानेच तो सिद्ध करायचा. नव्या साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम १०४ आणि १०५ मागचं तत्त्व हेच. ग्राहक आयोग साक्षीपुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, पण ही तत्त्वं तिथेही चालतात.

कंपनीकडे बोलायला काहीच नाही असं मात्र समजू नका. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगला व्होल्टेज कमी पडलं तर त्याचा दिवा खरोखरच लागतो. तुमची बॅटरी दोनदा उतरली होती. अ‍ॅम्प्लिफायरची वीज थेट बॅटरीच्या कायम चालू लाइनवर घेतली असेल आणि त्याची चालू-बंद करणारी वायर चुकीच्या जागी लागली असेल, तर तो रात्रभर करंट ओढत राहतो. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत कंपनीच्या पांढऱ्या कपलरमागची पिवळी वायर मध्येच सोलून तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली दिसते. सॉकेटला सॉकेट जोडणारं तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) वापरलं असतं तर ही वेळ आली नसती. तेव्हा बॅटरीचा खर्च तुमच्या अंगावर येईल असं धरून चाला. त्यावर भांडू नका. हरणारा मुद्दा तक्रारीत घातला की जिंकणारा मुद्दाही संशयाने वाचला जातो.

स्टीअरिंगचं तसं नाही. व्होल्टेज कमी पडल्याची नोंद आणि स्टीअरिंगच्या मोटरमधल्या किंवा टॉर्क सेन्सरमधल्या (स्टीअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या भागातल्या) दोषाची नोंद वेगळी असते. स्कॅनर लावला की फॉल्ट कोड निघतात. ‘सी’ने सुरू होणारे कोड चासीचे, स्टीअरिंग त्यातच येतं. ‘यू’ने सुरू होणारे कंट्रोल युनिट्समधल्या आपसातल्या संपर्काचे. चांगली बॅटरी लावून, प्लेअरचा फ्यूज काढून, कोड पुसून गाडी चालवून पाहिली आणि सेन्सरचाच कोड परत आला, तर अ‍ॅम्प्लिफायरवर ढकलायला जागा फार उरत नाही. कोड आलाच नाही, तर मग स्टीअरिंग युनिट बदलायची गरजच काय होती, हा प्रश्न उभा राहतो आणि ५२ हजारांचं एस्टिमेट त्यात अडकतं. त्यांच्या पत्रात या तपासणीबद्दल एक ओळ नाही. फक्त प्लेअर दिसला आणि शेरा लिहिला. माझ्या मते तुमची सगळी केस या न केलेल्या तपासणीत आहे.

म्हणून या आठवड्यात वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. स्कॅन रिपोर्ट, फॉल्ट कोड, बॅटरी टेस्टचा आकडा, जोडणीचे फोटो आणि वॉरंटी नाकारण्याचं तांत्रिक कारण लेखी मागा. वरची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. गोडीने लिहा. चिडलेलं पत्र आयोगासमोर तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात.

कलम ८७ बद्दल. उत्पादनात फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध ‘उत्पादन दायित्वा’चा दावा चालत नाही, असं ते कलम खरंच म्हणतं. पण तो दावाच वेगळा. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्यासाठीचा. खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्याच कायद्याच्या कलम २(२२) मधल्या ‘हानी’च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. तुमची तक्रार वॉरंटीची सेवा न दिल्याची आहे, म्हणजे सेवेतल्या त्रुटीची. तिथे कलम ८७ लागत नाही. पत्र लिहिणाऱ्याने कलम शोधलं, पण ते कोणत्या प्रकरणात बसतं ते पाहिलं नाही.

तुमच्या बाजूने एक जुना आदेश सांगण्यासारखा आहे. शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सियल या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असा निर्देश त्यात आहे. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि तो आदेश दुरुस्तीबद्दलचा आहे, अ‍ॅक्सेसरीबद्दलचा नाही. त्यामुळे त्याला रामबाण समजू नका. पण ‘तेवढ्यापुरतीच’ हा विचार ग्राहक आयोगाला पटवायला तो उपयोगी पडतो.

सेल्समनचा मेसेज जपून ठेवा. शोरूम म्हणेल, तो त्याचा वैयक्तिक सल्ला होता. करार कायद्याचं कलम २३७ सांगतं, की आपल्या माणसाला अधिकार आहे असं मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने दुसऱ्याला वाटू दिलं, तर त्या माणसाचं कृत्य मालकावर बंधनकारक ठरू शकतं. मेसेज कोणत्या तारखेचा आहे, गाडीच्या डिलिव्हरीच्या आधीचा का, शोरूमने दिलेल्या नंबरवरून आलाय का, यावर पुष्कळ अवलंबून राहील. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा. मूळ चॅट त्याच फोनमध्ये असू द्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील करून देतील.

एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे तुम्ही वेगळे मोजले आहेत. ती रद्द म्हणायची तर कोणत्या अटीखाली, ते लेखी मागा. नाहीतर निदान ते पैसे परत द्या, अशी पर्यायी मागणी तक्रारीत असू द्या.

दुकानदारालाही पक्षकार करा. कच्ची पावती असली तरी यूपीआयची नोंद आहे ना, मग पुरेसं आहे. कंपनी म्हणणार दुकानदाराची चूक, दुकानदार म्हणणार गाडीतच दोष. दोघं एकाच तक्रारीत असले की तुम्हाला मध्ये धावपळ करावी लागत नाही.

गाडीशिवाय अडलं असेल तर पैसे भरून काम करून घ्या. जड स्टीअरिंगवर खंबाटकी घाट उतरायला मी कुणालाच सांगणार नाही. मात्र बिलावर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ असं स्वहस्ते लिहा आणि काढलेलं जुनं स्टीअरिंग युनिट सीलबंद करून ताब्यात घ्या. वॉरंटीत बदललेले भाग कंपनी परत घेते. तुम्ही पैसे मोजलेत तर जुना भाग तुमचा. तो हातचा गेला तर पुढे तपासायला काही उरणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२)(क) खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पाठवायला वस्तू तर हवी.

उत्तर आलं नाही किंवा तेच रडगाणं आलं, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण कंपनीचं मुख्यालय लक्ष घालतं. नाही मिटलं तर साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जा. गाडी पुण्यात घेतली असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये तशी सोय आहे. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत येते, म्हणून शुल्क २०० रुपये. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणजे वॉरंटी नाकारल्याच्या पत्रापासून मोजा. ‘वॉरंटीची अटच अन्यायकारक, ती रद्दबातल ठरवा’ ही मागणी मात्र जिल्हा आयोगात करू नका. अन्यायकारक करार रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्ह्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडा. तुम्हाला तेवढं पुरतं.

आरटीओची चिंता सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांबद्दल आहे, आणि मीडिया प्लेअरची नोंद आरसीवर नसतेच. चालकासमोर चालत्या गाडीत सिनेमा लावलात तर ते प्रकरण निराळं, त्याची बाजू मी घेणार नाही.

विमा मात्र तपासा. कारखान्यातून न आलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत वेगळ्या जाहीर कराव्या लागतात, त्यासाठी आयएमटी २४ हे एंडॉर्समेंट (पॉलिसीची पुरवणी) असतं. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’पुढे शून्य लिहिलं असेल, तर नूतनीकरणाची वाट न पाहता विमा कंपनीला कळवा. आणि ती सोललेली पिवळी वायर, पुरावा म्हणून तिचे व्यवस्थित फोटो आणि पंचनामा झाला की, लायक ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या.