कासचे फोटो लॅपटॉपवर फिके का दिसतात?

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात कास पठारावर पहिल्यांदाच रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये फोटो काढले, जोडीला जेपेग, म्हणजे नेहमीचे तयार फोटोही ठेवले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तेरडा मस्त गुलाबी दिसत होता, पण लॅपटॉपवर रॉ उघडले तर सगळं फिकं, मळकट. मित्र म्हणतो, रॉ उडवून टाक, नुसती जागा खातात. महागडं सॉफ्टवेअर घेणं सध्या जमणार नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : आधी कळकळीची विनंती : रॉ उडवू नका. तुमच्या फोटोंत काही बिघडलेलं नाही.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही पाहिलात तो रॉ नव्हताच. रॉ फाइलच्या पोटात एक तयार जेपेग असतो आणि कॅमेरा तोच दाखवतो. कंपनीने ठरवलेला कॉन्ट्रास्ट, रंगांचा भडकपणा, शार्पनिंग हे सगळं त्यावर आधीच चढवलेलं असतं. रॉमध्ये असते ती सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद. सॉफ्टवेअरने ती उघडली की कंपनीचा हा साज गळून पडतो, म्हणून फोटो फिका वाटतो. पण जेपेगमध्ये एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतली पानं उजळताना जेपेग लवकर फाटतो आणि रॉ बराच ताण सोसतो, तो यामुळे.

आता सुरुवात. सॉफ्टवेअरच्या आधी फोल्डर लावा. मी वर्षाचा एक फोल्डर करते आणि त्यात २०२५-०९-२० कास अशा नावाचे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतात. कार्डावरून लॅपटॉपवर कॉपी, मग लगेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी कॉपी, दोन्हीकडचे दोन-चार फोटो उघडून पाहायचे आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. यात मी कुणालाच सूट देत नाही. लॅपटॉप पडतो, चोरीला जातो, आणि पुढच्या वर्षीचा तेरडा हा काही तोच तेरडा नसतो.

जागेबद्दल मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते. पण त्यावर उपाय निवडीचा. एकाच ताटव्याचे दहा फोटो असतील तर शंभर टक्के मोठे करून बघा. वाऱ्याने हललेले, फोकस चुकलेले काढून टाका आणि उरलेल्यांना पसंतीप्रमाणे तारे द्या. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण फोटोग्राफरची नजर यातच तयार होते असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअर फुकट आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही चांगली आहेत. मी डार्कटेबल सुचवेन, कारण फोटोंची व्यवस्था आणि प्रक्रिया दोन्ही त्यातच होतात. ते मूळ रॉला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे कधीही मागे जाता येतं. ती फाइल फालतू समजून उडवू नका, बॅकअपमध्येही घ्या. आणि एकदा फोटो डार्कटेबलमध्ये घेतले की फोल्डर विंडोजमधून इकडेतिकडे हलवू नका. हलवायचेच तर डार्कटेबलमधूनच हलवा, नाहीतर फोटो सापडत नाहीत म्हणून ते ओरडतं.

पहिले काही दिवस दोनच गोष्टी शिका : एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ ते, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल. बाकीची बटणं दिसली तरी थांबा. व्हाइट बॅलन्सची ताकद मला दिसली ती आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात. सौद्याला हळदीचे ढीग ओतलेले, फ्रेमभर पिवळंच पिवळं. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळसर छटा मिसळतो आणि हळद आजारी दिसते. रॉ असला की शेजारच्या पांढऱ्या पोत्यावर किंवा अडत्याच्या सदऱ्यावर स्पॉट घेतला, म्हणजे ‘हे पांढरं धर’ असं सॉफ्टवेअरला दाखवलं, की हळदीचा नारिंगीकडे झुकणारा खरा रंग परत येतो, आणि फोटोची प्रत जराही उतरत नाही. जेपेगवर हेच करायला गेलं की रंग चिरतात. तुमच्याकडे ढगाळ कासचे फोटो आहेत, तर व्हाइट बॅलन्स ६५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास ठेवून बघा. गुलाबी ऊबदार होतो.

एक मर्यादा मात्र आहे. आकाश पूर्ण पांढरं फटक पडलं असेल, तर तिथे नोंदच नाही. रॉ काय, कशानेच ते परत येत नाही. काळोख उजळता येतो, जळालेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी पठारावर एक्स्पोजर किंचित कमी ठेवा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतला काळोख-उजेड दाखवणाऱ्या आलेखाची, उजवी (उजेडाची) कड बघत राहा. तेरड्याच्या गुलाबीतला लाल रंग त्या कडेला सगळ्यात आधी आपटतो. रंगागणिक हिस्टोग्राम दाखवणारा मोड तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर तोच लावा.

काम झालं की बाहेर पाठवायला जेपेग काढा, एसआरजीबी रंगात, म्हणजे बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत. मोबाइलवर पाठवायचा असेल तर लांब बाजू २००० पिक्सेल पुरते. छपाईला द्यायचा तर पूर्ण आकारात काढा आणि स्टुडिओवाल्याला आधी विचारून घ्या, त्याला कशी फाइल लागते ते.