'म्न्येस्तिस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: चेक प्रजासत्ताकातल्या कर्श्तिनी या छोट्या गावाविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात गावाला 'मार्केट टाउन' म्हटलंय. त्याचं 'बाजारपेठेचं शहर' केलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. 'बाजारपेठेचं शहर' म्हटलं की आपल्याला हळदीची सांगली आठवते. कर्श्तिनीची वस्ती हजाराच्या आतली. आणि ज्या चेक शब्दासाठी 'मार्केट टाउन' लिहिलं जातं, त्यात बाजार नाहीच. तो शब्द आहे 'म्न्येस्तिस'. 'म्न्येस्तो' म्हणजे शहर, त्याच घरातला हा. याचा जुना जोडीदार 'म्न्येस्तेच्को', म्हणजे शब्दशः छोटंसं शहर, शहरुलं म्हणा हवं तर. बाजार उघडपणे दिसतो तो शेजारच्या जर्मनमध्ये. ऑस्ट्रियात अशा गावाला आजही कायद्याने 'मार्क्टगेमाइंड' म्हणतात. इंग्रजीने बहुधा तिथूनच उचललं असावं.

पण म्न्येस्तिस हे गावाच्या आकाराचं वर्णन नाही, तो दर्जा आहे. मध्ययुगात राजा किंवा जमीनदार एखाद्या खेड्याला बाजार भरवण्याचा हक्क देई. ते मग खेड्याच्या वर चढे, पण तटबंदीच्या शहराच्या खालीच राही. काही ठिकाणी बिअर गाळण्याचा हक्कही मिळे. शहरांना तर 'मैलाचा हक्क' असे: वेशीपासून मैलभराच्या आत दुसऱ्या कुणी बिअर गाळायची नाही की ठराविक धंदे थाटायचे नाहीत. त्यामुळे शेजारी नवा बाजार उभा राहिला की तंटे व्हायचेच. कम्युनिस्ट राजवटीत, १९५४ पासून, हा दर्जा वापरातून गेला. २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तो परत आला आणि ज्या गावांकडे पूर्वी होता त्यांना तो पुन्हा मागता आला. कर्श्तिनी त्यांतलंच एक. म्हणजे हा शब्द नुसता ऐतिहासिक नाही, आजच्या सरकारी कागदावरही आहे.

मग मराठीत काय? आपल्याकडे याच कामाचा शब्द पडून आहे: कसबा. मूळ अरबी, पण मराठी दप्तरांत इतका रुळलेला की कागदावर साध्या खेड्याला 'मौजे अमुक' आणि बाजार असलेल्या मोठ्या गावाला 'कसबे तमुक' असंच लिहीत. मौजे आणि कसबे हा फरक दर्जाचाच होता. 'पेठ' हा दुसरा उमेदवार. कौल, म्हणजे लेखी हमी, देऊन, सुरुवातीची काही वर्षं कर माफ करून पेठ वसवायची आणि तिचा कारभार शेटे-महाजनांनी बघायचा, ही आपली पद्धत चेक बाजारहक्काच्या फार जवळची आहे. तरी मी पेठ निवडणार नाही. आज पेठ म्हणजे शहराचा एक भाग, नाहीतर पुण्याची वारांची यादी. 'कसबा'लाही पुण्यातल्या कसबा पेठेची सावली आहे खरी, पण गावाच्या नावापुढे 'हा एक कसबा' असं लिहिलं की ती सरते. पहिल्यांदा येईल तिथे 'बाजारहक्क असलेला कसबा' म्हणा, पुढे नुसतं कसबा पुरेल.

कर्श्तिनीच्या बाबतीत मात्र आणखी एक शब्द सांभाळावा लागेल, आणि मला तो जास्त आवडतो. हे गाव मुळात तीर्थक्षेत्र. ब्रनो शहराजवळ, मोरावियन कार्स्टच्या चुनखडीच्या टापूत. तिथलं मारियेच्या नावाचं भव्य चर्च यान ब्लाझेय सांतिनी या वास्तुकाराच्या आराखड्यावर उभं आहे. तो १७२३ मध्ये वारला, बांधकाम १७२८ ते १७५० असं चाललं, म्हणजे त्याने ते पाहिलंच नाही. चर्चखालच्या अस्थिगृहाचा शोध १९९१ मध्ये लागला. तिथल्या १२ कवट्यांवर काळ्या रंगात लॉरेलच्या पानांची वेटोळी रंगवलेली आहेत. अशा गावी भाविक येतात त्याला चेकमध्ये 'पोउत्य' म्हणतात. आणि हाच शब्द पाळणे-खेळण्यांच्या मेळ्यालाही लागतो! इंग्रजीत 'पिलग्रिमेज' आणि 'फेअर' असे दोन शब्द पाहून तुम्ही दोन वेगळे शब्द शोधाल. शोधू नका. आपल्या 'जत्रा'त देव आणि पाळणा दोन्ही आहेत, आणि तो शब्द आलाय 'यात्रा'वरूनच.

उच्चाराबद्दल थोडं. गावाच्या नावातला दुसरा वर्ण म्हणजे र आणि श एकाच श्वासात, मराठीत ती खूण नाही. 'कर्श्तिनी' ही तडजोड आहे, 'क्रटिनी'पेक्षा बरी. नावाचा अर्थ बाप्तिस्मा. सिरिल आणि मेथोडियस या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी तिथे लोकांना बाप्तिस्मा दिला अशी दंतकथा आहे. अर्थ कंसात द्या, नाव मात्र तसंच ठेवा.

हे एवढ्यासाठी सांगतो की चेकमध्ये बाजाराला 'तर्ह' म्हणतात, आणि तो शब्द गावांच्या नावांत लपलेला सापडतो. पोलंडमधलं नोवी तार्ग, फिनलंडमधलं तुर्कू ही त्याच कुळातली. दक्षिण बोहेमियात 'तर्होवे स्विनी' नावाचं एक शहर आहे. त्याचं भाषांतर करायला गेलात तर 'बाजारातली डुकरं' असं काहीतरी हाती लागेल.