उन्हात ठेवलेलं पाणी: वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले, कणकुंबीच्या बाजूचे. मिरग लागला की विहिरीचं पाणी तांबडं होतंय. भाचा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं कॉलेजात टायटॅनियमची पांढरी पूड टाकून निळं पाणी उन्हात नितळ करून दाखवलं. ती पूड रंगातही असते म्हणे. पिण्याच्या कळशीत टाकली तर चालेल काय?

उत्तर: नको ताई. पूड राहू दे बाजूला, तुमच्या तांब्या-स्टीलच्या कळशीत ऊनच शिरत नाही!

भाच्याला शाबासकी द्या, प्रयोग खरा आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर उन्हातले अतिनील किरण पडले की पाणी आणि प्राणवायूपासून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय जहाल कण तयार होतात. ते रंग तोडतात, जंतूंचं कवचही फोडतात. जंतू असे मरतात हे जपानी संशोधकांनी 1985 साली दाखवलं. पण त्या पुडीला लागणारे किरण उन्हात जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय निळा रंग गेला म्हणजे जंतू मेले, असं होत नाही. मी पाणी तपासण्यातच नोकरी काढली. आरशासारख्या पाण्यातही जंतू सापडलेले पाहिलेत.

रंगातली पूड तर मुळीच नको. बाहेरच्या भिंतीच्या चांगल्या रंगात तिच्या कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर दिलेला असतो, तो ही करामत होऊ नये म्हणूनच. नाहीतर उन्हानं रंगाचाच भुगा व्हायचा. आणि प्रयोगशाळेतली पूड इतकी बारीक की लुगड्याच्या चार पदरांतूनही खाली उतरेल. ती पोटात कशाला?

पिण्यापुरतं नुसतं ऊनही पुरतं. पाण्याची प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, दोन लिटरपेक्षा मोठी नको. लेबल काढा, ओरखडे पडलेली बाजूला टाका. तांबडं पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं गाळून भरा. भरलेली बाटली पेपरवर उभी ठेवून तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला तर पाणी चालेल. मग पत्र्यावर आडवी ठेवा, सहा तास कडक ऊन. अर्ध्याहून जास्त आभाळ झाकलेलं असेल तर सलग दोन दिवस.

आता तुमच्या घाटाकडच्या पावसाचं काय सांगू? मिरगापासून सूर्य दिसायची मारामार. त्या दिवसांत हा नाद सोडा आणि पाणी उकळा. खदखदून एक मिनिट पुरे. विहिरीत पंचायतीकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. उन्हाचे ते जहाल कण निमिषात संपतात, मागे राखणीला काही उरत नाही. ब्लीचिंगमधलं क्लोरीन उरतं. ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेलं असावं. तपासायच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी फिकट पिवळं होतं, ते बघून मगच पंचायतीच्या माणसाला सोडा.

प्रश्न: आमचं रान बेळगावच्या बेळ्ळारी नाल्याच्या काठाला, शहापूर शिवारात. नाल्याचं काळं पाणी हौदात साठवून उन्हानं शुद्ध करता येईल का? भाजीला देतो.

उत्तर: दादा, काळ्या पाण्यात ऊन वीतभरही उतरत नाही, आणि पूड टाकलीत तरी जे जहाल कण तयार होतील ते जंतूंपर्यंत पोचायच्या आधी घाणीतच खर्ची पडतील. सांडपाण्यावर ही पद्धत शेवटच्या टप्प्याला वापरतात, आधी नेहमीची शुद्धी झाल्यावर. स्पेनमध्ये अल्मेरियाला लोखंडाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, आरशांनी ऊन एकवटून असे प्रयोग चालतात. त्याची नेहमीची रीत म्हणजे पाणी आधी आम्लधर्मी करायचं, सामू तीनच्या खाली, मग परत उदासीन करायचं, वर लोखंडाचा गाळ उपसायचा. एका शेतकऱ्याच्या हौदाचं हे काम नव्हे, ते महानगरपालिकेकडे मागायचं काम आहे.

तुमच्या हातातलं सांगतो. कोथिंबीर, मुळा, कच्चं खायचं काही त्या पाण्यावर घेऊ नका. शिजवून खायच्या भाज्या घ्या, पाणी सरीतून बुडाला द्या, पानांवर उडवू नका. काढणीआधी काही दिवस पाणी तोडलंत तर उघड्या पानांवरचे जंतू उन्हानं आपसूक कमी होतात. रंगाऱ्यांकडून आलेले जड धातू मात्र उन्हानं जात नाहीत, त्यासाठी माती तपासून घ्या. आणि बाजाराला निघताना पेंढ्या त्याच नाल्यात खंगाळतात, तेवढं बंद करा. धुवायला बोअरचं पाणी.